विली वेल्स : बंद दारांबाहेर घडलेला खेळाडू

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हा नावसुद्धा तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स आपल्या तरुणांना माहीत आहेत. खेळाची आवड असणाऱ्यांना जॅकी रॉबिन्सनही माहीत असतात. १९४७ मध्ये त्यांनी मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत ओलांडली. पण त्या भिंतीबाहेर कित्येक खेळाडू आयुष्यभर खेळले आणि बाहेरच म्हातारे झाले. त्यांच्यापैकी विली वेल्स यांच्याबद्दल आम्ही आज लिहीत आहोत.

वेल्स यांचा जन्म १९०६ साली टेक्सास राज्यातल्या ऑस्टिनचा. लहानपणी ते मैदानाबाहेर घुटमळत असत. बिझ मॅकी हे पुढे थोर विकेटकीपर, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत कॅचर, म्हणून गाजले. ते आपला ग्लव्ह या पोराच्या हाती देऊन त्याला आत घेत. संघाच्या बाकावर बसून खेळ बघायची सोय अशी झाली. १९२४ मध्ये दोन संघ या तरुणाला न्यायला आले : शिकागो अमेरिकन जायंट्स आणि सेंट लुईस स्टार्स. निवड आईने केली. सेंट लुईस घरापासून जवळ, म्हणून सेंट लुईस.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध उभा राहणारा क्षेत्ररक्षक. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे जोरकस फटके बहुधा त्याच्याच दिशेने येतात. चेंडू अडवायचा आणि फलंदाज पोहोचण्याआधी तो पहिल्या बेसपर्यंत लांब फेकायचा. त्यामुळे या जागेसाठी आधी हाताची ताकद बघितली जाते. वेल्स यांच्याकडे नेमकी तीच नव्हती.

मग हा माणूस त्या जागेवर टिकला कसा? आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वात शिकण्यासारखा भाग हाच आहे. ते फलंदाजांचा अभ्यास करत. कोण कुठे मारतो, आपला पिचर कोणता चेंडू टाकणार आहे, हे पाहून ते आधीच दोन पावले सरकून उभे राहत. चेंडू हातात लवकर आला की दुबळी फेकही पुरते. सोबत खेळलेल्यांच्या आठवणींत एक गोष्ट हमखास येते : त्यांची फेक अगदी सावकाश वाटायची, पण धावणारा एका पावलाने बाद व्हायचाच. ग्लव्ह लहान, आणि त्याच्या तळव्याचे चामडेही त्यांनी कापून टाकले होते, असे सांगतात. चेंडू हातात येताक्षणी बाहेर काढता यावा, एवढाच हेतू.

फलंदाजी नंतर आली. सुरुवातीला वळणारा चेंडू त्यांना खेळता येत नसे, आणि हे प्रतिस्पर्ध्यांना पक्के ठाऊक होते. कॅलिफोर्नियातल्या हिवाळी लीगमध्ये ज्येष्ठ खेळाडूंच्या हाताखाली त्यांनी ती उणीव घासूनपुसून काढली. पुढे ते होमरनही मारू लागले. सेंट लुईसच्या मैदानाची डावी भिंत फार जवळ होती, याचा फायदा झालाच. तो नाकारण्याचे कारण नाही. १९२८, १९३० आणि १९३१ मध्ये स्टार्सने नीग्रो नॅशनल लीग जिंकली. १९३३ पासून शिकागोत कृष्णवर्णीय खेळाडूंचा ईस्ट-वेस्ट सामना होऊ लागला. त्याचे खेळाडू कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतून वाचकांच्या मतांनी निवडले जात. वेल्स त्यात ८ वेळा खेळले.

न्यूअर्क ईगल्सकडून खेळताना एकदा चेंडू डोक्याला लागून ते बेशुद्ध पडले. परतले ते बांधकाम मजुराची टणक टोपी घालून. मेजर लीगमध्ये नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचे झाले ते १९७१ मध्ये!

१९४० पासून काही हंगाम ते मेक्सिकोत खेळले. तिथे लोक त्यांना ‘एल डियाब्लो’, म्हणजे सैतान, म्हणत. ही शिवी नव्हती, कौतुक होते. १९४४ मध्ये पत्रकार वेंडेल स्मिथ यांच्याशी बोलताना त्यांनी सांगितले की, मेक्सिकोत आपल्याला माणूस म्हणून वागवले जाते, हव्या त्या उपाहारगृहात जेवता येते, हवे तिथे राहता येते. स्वतःच्या देशात हे मिळत नव्हते. पैसा जास्त होता हे खरेच; पण आम्हाला त्यांचे हे दुसरे कारण अधिक जड वाटते.

न्यूअर्कमध्ये ते खेळाडू आणि व्यवस्थापकही होते. लॅरी डॉबी १९४२ मध्ये त्यांच्याच हाताखाली खेळू लागले आणि १९४७ मध्ये अमेरिकन लीगमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. मॉन्टे अर्विन, डॉन न्यूकोम्ब हेही याच संघातून मेजर लीगमध्ये गेले. दार उघडले तेव्हा वेल्स चाळिशीत होते. त्यांना कोणी बोलावले नाही. कॅनडात विनिपेगच्या संघाचे काम पाहून ते न्यूयॉर्कमधल्या एका खाद्यपदार्थांच्या दुकानात नोकरी करू लागले. १९७३ मध्ये आईची देखभाल करायला ऑस्टिनला परतले.

बॅटने केलेल्या धावा कुठेतरी नोंदल्या जातात. अडवलेला चेंडू, आधीच सरकलेली दोन पावले कोण लिहून ठेवणार? त्यात कृष्णवर्णीय लीगच्या कितीतरी सामन्यांची धावपत्रके श्वेत वृत्तपत्रांनी छापलीच नाहीत. त्यामुळे क्षेत्ररक्षणावर नाव कमावलेला हा माणूस इतिहासातून दोनदा पुसला गेला. २२ जानेवारी १९८९ रोजी ते वारले. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले १९९७ मध्ये. नीग्रो लीग याही मेजर लीगच होत्या, हे मेजर लीग बेसबॉलने मान्य केले २०२० मध्ये.

२००४ मध्ये त्यांचे अवशेष ऑस्टिनमधल्या टेक्सास स्टेट सेमेटरीत हलवण्यात आले. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या कॉन्फेडरेट फौजेतील दोन हजारांहून अधिक सैनिक आणि त्यांच्या विधवाही त्याच जमिनीत आहेत.