कै. नारायण वामन टिळक : एका पदाच्या कर्त्याची कथा

गतवर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही कल्याणहून नगरच्या बाजूस एस. टी. नें निघालों होतों. माळशेज घाट चढून गाडी मढ येथें थांबली, तेव्हां रस्त्याच्या कडेस एक वृद्ध गृहस्थ एकतारीवर गात बसलेले दिसले. प्रथम आम्हांस तो नेहमींचा अभंग वाटला. परंतु लक्ष देऊन ऐकतां त्यांत प्रभु येशूचें नांव आलें आणि आम्ही चकित होऊन खालीं उतरलों. पद आमच्या परिचयाचें होतें. तें कोणाचें, असें विचारतां, आपण तें आईच्या तोंडून शिकलों, कर्ता कोण हें तिलाही ठाऊक नव्हतें, असें त्यांनीं सांगितलें. आम्ही उत्तर देणार इतक्यांत वाहकानें घंटा दिली व आम्ही घाईनें गाडींत चढलों. खरें सांगावयाचें तर घंटेच्या आधींच आम्ही क्षणभर अडखळलों होतों. पदाचा कर्ता आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेंतील नव्हता आणि त्याचें नांव आदरानें घेण्याची संवय आम्हीं कधीं लावून घेतली नव्हती. तें राहिलेलें उत्तर वाचकांस येथें सादर करितों.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. काव्याची गोडी त्यांस आईपासून लागली. पण ते सुमारें अकरा वर्षांचे असतांना ती निवर्तली. वडिलांचा स्वभाव कडक होता. पोरका मुलगा घर सोडून नाशिकास गेला आणि तेथें गणेशशास्त्री लेले यांजपाशीं संस्कृत शिकला. पुढें १८८० सालीं त्यांचा विवाह झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं लहान मुलगीच होत्या. टिळकांनीं अनेक गांवीं शिक्षकाची नोकरी केली. परंतु त्यांचें मन कोठेंच स्थिर होईना. देशाची दैना व जातिभेद यांचें शल्य त्यांस सतत बोंचत असे.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडीच्या डब्यांत एका अपरिचित युरोपियन गृहस्थाशीं त्यांची गांठ पडली. गृहस्थानें संस्कृत काव्याविषयीं मोठ्या आदरानें संभाषण केलें आणि उतरतांना नवा करार त्यांच्या हातीं दिला. टिळकांनीं तो वाचण्याचें वचन दिलें होतें व केवळ तें पाळण्यासाठींच ते वाचूं लागले. पण डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच ग्रंथ खालीं ठेवणें त्यांस अशक्य झालें. तो प्रवासी त्यांस पुन्हा कधीं भेटला नाहीं.

१८९५ च्या १० फेब्रुवारीस मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनमध्यें त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो विदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेतां रेव्हरंड तुकाराम नथोजी ह्या देशबांधवाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. ह्या निर्णयाची किंमत मात्र घरानें मोजली. लक्ष्मीबाईंस तें वृत्त वज्राघातासारखें वाटलें. मुलाला घेऊन त्या कांहीं वर्षें नातलगांकडे विलग राहिल्या. पुढें त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीकडे आल्या, तरी सोंवळें व स्वयंपाक निराळाच ठेविला. जातीचा अभिमान त्यांनीं हळूहळू, स्वतःच्या विचारानें टाकिला आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. टिळकांची उतावीळ वृत्ति, घरांत कांहीं नसतांही हातचें दुसऱ्यास देऊन टाकण्याची संवय व त्यापायीं संसाराची झालेली ओढाताण लक्ष्मीबाईंनीं आपल्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मचरित्रांत निर्भयपणें सांगितली आहे. म्हणून टिळकांस निर्दोष ठरविण्याचें कारण आम्हांस उरत नाहीं.

नगर भागांत ख्रिस्ती कीर्तनकार कृष्णराव सांगळे यांनीं शुभवर्तमान कीर्तनाच्या द्वारें लोकांपुढें मांडलें होतें. त्याच भूमींत टिळकांची वाणी फुलली. परक्या चालींवर बसविलेलीं गीतें आपल्या लोकांच्या हृदयापर्यंत पोंचत नाहींत, हें त्यांनीं ओळखलें व ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगांच्या घाटांत ख्रिस्तभक्ति ओतली. आपल्या पंथांत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं हेंच कार्य पूर्वीं केलें होतें. त्यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. दोघांचे पंथ निराळे व काळांत तीन शतकांचें अंतर; परंतु मराठी माणसास मराठींतच देव भेटावा, ही तळमळ एकच होती.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतन सोडिलें, संन्यस्त वृत्ति पत्करिली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांस तेथें एकत्र आणावें, हा त्यांचा हेतु होता. आपल्या शिकवणीप्रमाणें बाप्तिस्म्याचें स्थान इतकें मोकळें ठेवितां येत नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. तथापि पगाराचा आधार सोडून उतारवयांत दारिद्र्य पत्करणें किती कठीण, हें आम्हां वेतनभोगी सेवकांस चांगलें कळतें. १९१९ च्या ९ मे रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य अपुरेंच राहिलें होतें. एके काळीं त्यांच्या बाप्तिस्म्यानें दुःखविव्हल झालेल्या लक्ष्मीबाईंनींच पुढें लेखणी हातीं घेऊन त्याचे ६४ अध्याय रचले. त्या १९३६ सालीं वारल्या व १९३८ सालीं तें काव्य प्रसिद्ध झालें.

प्रिय धर्मग्रामस्थहो, महोत्सवाच्या ह्या वर्षीं आपण कोणीं मंदिर बांधलें, कोणीं घंटा दिली, ह्याची यादी अभिमानानें करीत आहों, व तें योग्यच आहे. परंतु आगगाडींतील त्या प्रवाशाचें नांव कोणत्याही यादींत नाहीं. आणि मढच्या त्या वृद्धाची माता जें पद मुलास देऊन गेली, त्याच्या कर्त्याचें नांव तिलाही ठाऊक नव्हतें. देवाचें देणें अशाच अनोळखी हातांतून फिरत असतें. तें घेतांना हात कोणाचा आहे, ह्याची आपणच फार चौकशी करितों. आमच्याकडून तें घडलें, हें आम्ही कबूल करितों.

आपणांपैकीं कोणी माळशेजच्या वाटेनें जाणार असल्यास मढ येथें अवश्य उतरावें. ते बाबा भेटल्यास पद शेवटपर्यंत ऐकावें, त्यांस कर्त्याचें नांव सांगावें, आणि गाडी चुकली तरी चुकूं द्यावी.