शाऊल राजा आणि किन्आ

मराठीत हेवा वेगळा, मत्सर वेगळा आणि ईर्षा वेगळी. शेजारणीच्या हातातल्या पाटल्या पाहून वाटतो तो हेवा. त्या हरवाव्यात असं वाटू लागलं की मत्सर. आणि मीही राबून तशाच पाटल्या करीन म्हटलं की ती ईर्षा. तनाखच्या हिब्रूत या सगळ्यांना एकच शब्द पुरतो, किन्आ. राहेलला बहिणीबद्दल, लेआबद्दल वाटली ती किन्आ. योसेफाच्या भावांना वाटली तीही किन्आ. मलिद्याच्या ताटासमोर ज्यांचं नाव आपण घेतो ते एलियाहू हन्नाबी होरेब डोंगरावर देवासाठी पेटून उठले होते, त्यालाही हाच शब्द आहे. दहा आज्ञांमध्ये तर देव स्वतःलाच हे विशेषण लावतो. आपलं म्हटलेलं माणूस परक्याच्या नादी लागलं तर गप्प न बसणारा, असा त्याचा अर्थ.

मग चांगली किन्आ कोणती आणि वाईट कोणती? मुलांनो, व्याख्या पाठ करण्यापेक्षा शाऊल राजाचं चरित्र ऐका. थोरल्या मंडळींना ते ठाऊक आहे, पण त्यांनीही शेवटापर्यंत बसावं.

शाऊल बिन्यामीन वंशातला, कीशचा मुलगा. देखणा, आणि चारचौघांत उभा राहिला तर सगळ्यांच्या वर डोकं. बापाची गाढवं हरवली म्हणून एका गड्याला घेऊन तो शोधायला निघाला, आणि भटकत भटकत शमुवेल नबींच्या गावी पोहोचला. शमुवेलांनी त्याच्या डोक्यावर तेल ओतलं. गाढवं घरच्यांना सापडलीच होती. शाऊलला मात्र राज्य मिळालं. घरी काकाने विचारलं तर त्याने गाढवांची हकिगत सांगितली, राज्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढे मिस्पाला सगळ्या लोकांसमोर त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा हा सामानाच्या ढिगाऱ्यामागे लपला होता. काहींनी नाकं मुरडली. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

असा लाजरा माणूस राजा झाल्यावरही शेतात बैल हाकत होता. एके संध्याकाळी बैलांमागून घरी येताना त्याला रडारड ऐकू आली. यार्देनपलीकडच्या याबेश-गिलादला अम्मोनी राजा नाहाशने वेढा घातला होता. तहाची त्याची अट होती की गावातल्या प्रत्येकाचा उजवा डोळा काढायचा. हे ऐकून शाऊलचं रक्त उसळलं. त्याने तिथल्या तिथे बैलजोडी कापून तुकडे देशभर पाठवले. जो येणार नाही त्याच्या बैलांचं हेच होईल असा निरोप दिला. रातोरात चाल करून गाव सोडवलं. जिंकल्यावर लोक म्हणू लागले की तुला हसणाऱ्यांना आता मारून टाकू. त्याने एकालाही हात लावू दिला नाही. आपल्या माणसांसाठी पेटणं आणि स्वतःच्या मानापमानासाठी न पेटणं, हे दोन्ही त्या एका दिवसात दिसलं. मला विचाराल तर शाऊलच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस तो.

पुढे बिघडत गेलं. अमालेकाच्या लढाईत त्याने आज्ञा मोडली, ती हकिगत आपण पुरीमआधीच्या शब्बाथ झाखोरच्या हाफ्तारात ऐकतोच. राज्य तुझ्या हातून गेलं असं शमुवेलांनी सांगितलं, आणि तेव्हापासून शाऊलला झोप नव्हती, चैन नव्हतं. त्याचं मन रमावं म्हणून बेथलेहेमहून एक किन्नोर वाजवणारा पोरगा आणला. तोच दावीद. शाऊलने त्याच्यावर जीव लावला, हे विसरू नये.

मग बेत शेमेशच्या दक्षिणेच्या एला खोऱ्यात दावीदाने गोल्याथाला पाडलं. सैन्य परतताना बायका डफ वाजवत, गात सामोऱ्या आल्या. गाण्यात शाऊलच्या नावावर हजारो होते आणि दावीदाच्या नावावर दहा हजारो. बस्स, तिथे काटा रुतला. गंमत अशी की इथे तनाख किन्आ हा शब्द वापरत नाही. डोळ्यावरून आलेला शब्द वापरतो. आपण डोळ्यांत सलणं म्हणतो ना, जवळजवळ तेच.

दुसऱ्याच दिवशी किन्नोर वाजवणाऱ्या दावीदावर शाऊलने भाला फेकला. पलिष्ट्यांच्या हातून परस्पर मरावा म्हणून मुलगी मीखलच्या लग्नासाठी भयंकर अट घातली. दावीद ती पुरी करून आला. मीखलने त्याला खिडकीतून उतरवून पळवलं. योनाथान तर गादीचा वारस, दावीदाचा हेवा वाटायला सर्वांत जास्त कारण त्यालाच. त्याने आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरपट्टा काढून दावीदाला दिला. रोश खोदेशच्या जेवणावेळी तो दावीदाची बाजू घेऊन बोलला तेव्हा शाऊलने पोटच्या मुलावरही भाला उगारला. नोब गावच्या कोहानीमांनी दावीदाला भाकरी दिली म्हणून 85 कोहानीम मारले गेले. राजाच्या शिपायांनी हात उचलायला नकार दिला. ते काम अदोमी दोएगाने केलं. एका गावचे डोळे वाचवणाऱ्या राजाने दुसरं गाव कापून काढलं.

एन-गेदीच्या गुहेत शाऊल दावीदाच्या हाती सापडला. दावीदाने फक्त झग्याचा काठ कापला. शाऊल रडला, त्याला मुलगा म्हणाला, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मागावर निघाला.

गिलबोवा डोंगरावर पलिष्ट्यांनी त्याचे तीन मुलगे मारले. तो स्वतःच्या तलवारीवर पडला. त्याचं धड बेत शेआनच्या भिंतीला टांगलं. ते कोणी उतरवलं? याबेश-गिलादच्या लोकांनी. रात्रभर चालत आले, शाऊलला आणि मुलांना घेऊन गेले, अस्थी एशेलच्या झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास धरला.

किन्आ हा शब्द शाऊलच्या नावाशी येतो तो त्याच्या मरणानंतर. दावीदाच्या राज्यात तीन वर्षं दुष्काळ पडला. कारण निघालं शाऊलचं. येहोशुआच्या काळी गिबोनी लोकांना जिवाचं वचन दिलेलं होतं, तरी इस्राएल आणि येहूदासाठीच्या किन्आपायी शाऊलने त्यांना मारलं होतं. याबेशला ज्या आगीने माणसं वाचवली, तीच आग इथे वचन दिलेल्या निरपराधांवर गेली. स्वतःसाठी नाही, आपल्या लोकांसाठी म्हणून.

गिबोन्यांनी शाऊलचे सात वंशज मागून घेतले आणि टांगले. त्यांतल्या दोघांची आई रिस्पा, शाऊलची उपपत्नी. जवाची कापणी सुरू झाली तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत ती खडकावर गोणपाट अंथरून बसली. दिवसा पाखरं आणि रात्री जनावरं तिने हाकलली. हे दावीदाच्या कानी गेलं. त्याने याबेशहून शाऊल आणि योनाथान यांच्या अस्थी आणवल्या, त्या सातांच्याही गोळा केल्या. बिन्यामीनच्या मुलुखात, सेला इथे, शाऊल आणि योनाथान यांना कीशच्या थडग्यात ठेवलं.