काचपट्टीवरून सवय ओळखणारा डॉक्टर

शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा कायदा आहे. तुमच्या कॉलेजच्या गेटपासून पानठेला किती पावलांवर आहे, ते तुम्हीच मोजा. चिखलीत मोजा, मेहकरात मोजा, खामगावात मोजा. आणि तोंडातली जखम भरत नाही म्हणून फाईल घेऊन शेगाव नाहीतर मलकापूरहून रेल्वेनं मुंबईच्या ‘टाटा’ला गेलेलं कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल. पानठेला आणि ‘टाटा’ यांच्यातला धागा ज्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी पुराव्यानिशी दाखवला, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. खानोलकर म्हटलं की आपल्याला चि. त्र्यं. आठवतात, हे दुसरे.

जन्म १८९५ चा. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. त्या काळी लंडनची पदवी असलेला डॉक्टर मुंबईत दवाखाना थाटून मजेत राहिला असता. हे मात्र आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि मग केईएमच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवत राहिले. पॅथॉलॉजिस्टला पेशंट ओळखत नाही, आजही नाही. गाठ काढणाऱ्या सर्जनचं नाव होतं. त्या गाठीचा तुकडा मेणात बसवून, त्याचे कागदाहून पातळ काप काढून, काचपट्टीवर रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान सांगणारा माणूस मागच्या खोलीत बसलेला असतो. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा, म्हणजे ती मागची खोली, खानोलकरांकडे आली.

नुसतं निदान करून ते थांबले असते तर आज त्यांच्यावर लिहायचं कारण नव्हतं. गाठ नेमकी कुठं आली आणि हा माणूस रोज करतो काय, या दोन गोष्टी त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या. १९४५ मध्ये एका सहकाऱ्यासोबत त्यांनी सवयी आणि कॅन्सर यांवरचा शोधनिबंध अमेरिकी नियतकालिकात छापला. खैनीवाला तंबाखू-चुना मळून खालच्या ओठामागच्या खोबणीत बार भरतो. कॅन्सर त्याच खोबणीत. दुसरा प्रकार ऐकून तुम्ही कदाचित हसाल. तो धोतराचा होता. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी करकचून गाठ मारायची. मग घाम, काचणं, करकोचा, कातडीचा रंग उडणं, आणि काहींना तिथंच कॅन्सर. ज्या रोगाला लोक नशीब म्हणत होते, त्याचा पत्ता असा रोजच्या वागण्यात सापडत होता.

तिकडं अमेरिकेत एव्हार्ट्स ग्रॅहम नावाचे छातीचे मोठे सर्जन होते. १९३३ मध्ये त्यांनी कॅन्सर झालेल्या एका डॉक्टरचं अख्खं फुप्फुस काढून त्याला जगवलं. स्वतः सिगारेट ओढत. सिगारेटनं कॅन्सर होतो हे त्यांना आधी पटतच नव्हतं. मग एका विद्यार्थ्यासोबत त्यांनी स्वतःच आकडे जमवले, आणि १९५० मध्ये संबंध आहे असं छापलं. सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले. त्यांचा तो पेशंट त्यांच्यानंतरही जिवंत होता.

आपल्याकडं सिगारेटपेक्षा विडी आणि चघळायची तंबाखू जास्त, त्यामुळं अमेरिकेचे आकडे इथं जसेच्या तसे लावून भागणार नव्हतं. १९५५ मध्ये खानोलकर आणि सहकाऱ्यांनी तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या कॅन्सरचा तंबाखू चघळण्याशी आणि ओढण्याशी काय संबंध आहे, ते तपासलं आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात उपयोगी काम हेच. ओढत नाही, फक्त खातो, म्हणून मी सुरक्षित, ही पळवाट तेव्हाच बंद झाली होती.

बिहारची ती खैनी, आपल्याकडं खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. यातली सुपारीही निर्दोष नाही. तिनं तोंडाचं आतलं कातडं ताठरतं. आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून आत जातात का बघा. जात नसतील तर डेंटिस्टकडं जा, पुढच्या आठवड्यात नाही, उद्याच.

पुढं खानोलकरांना मानसन्मान मिळाले, पद्मभूषण मिळालं. १९६० ते ६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ मध्ये ते गेले. त्यांनी १९५२ मध्ये परळला उभं केलेलं कॅन्सर संशोधन केंद्र आता नव्या नावानं नवी मुंबईत खारघरला आहे, आणि तिथल्या प्रयोगशाळांच्या इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ म्हणतात.