बालोद्यानाचा माळी : फ्रीड्रिख फ्रोबेल

मंडळीच्या आवारात भरणाऱ्या शाळेत आपण आपल्या चिमुकल्यांना ‘के. जी.’त घालतो. ‘किंडरगार्टन’ या जर्मन शब्दाचे हे संक्षिप्त रूप. त्याचा अर्थ मुलांची बाग. हे नाव देणारे फ्रीड्रिख फ्रोबेल हे एका पाळकाचे पुत्र होते.

जर्मनीच्या थुरिंगिया प्रदेशातील ओबरवाइसबाख येथे २१ एप्रिल १७८२ रोजी त्यांचा जन्म झाला. नऊ महिन्यांतच ते मातेला मुकले. वडील मंडळीच्या कामात व्यग्र आणि स्वभावाने कडक, तर सावत्र आईची माया लवकरच आटली. पोरका बालक घरामागील बागेत एकटाच रमे. दहाव्या वर्षी मामांनी त्याला आपल्या घरी नेले. तेही धर्मसेवकच होते. पण तेथे त्याला प्रेम, मोकळीक आणि सवंगडी लाभले. श्रद्धा दोन्ही घरांत एकच होती, तरी तिची ऊब त्याला मामांकडेच मिळाली. फ्रोबेल यांच्या पुढील कार्याचे बीज यातच असावे.

तारुण्यात त्यांनी वनपालाकडे उमेदवारी केली, काही काळ येना विद्यापीठात काढला. १८०५ साली फ्रँकफुर्टच्या एका शाळेत ते शिक्षक झाले आणि त्यांना जीवनकार्य सापडले. १८०८ ते १८१० या काळात त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी यांच्या सहवासात अनुभव घेतला. १८१६ साली त्यांनी स्वतःची शाळा काढली.

शाळेत येण्यापूर्वीची वर्षेच अधिक मोलाची, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहानग्यांसाठी संस्था उघडली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. तेथे लोकरीचे रंगीत चेंडू होते, लाकडी गोल, घन व दंडगोल होते. आठ लहान घनांचा एक मोठा घन होता. मूल त्यातून खुर्ची रची, जिना रची आणि रचता रचता अर्धा, पाव हे भाग ओळखी. फेर धरून गाताना ते इतरांसाठी थांबायला शिके. वाफ्यातील रोप जपताना धीर धरायला शिके. अक्षरे व अंक यांच्यासाठी मन आणि बोटे अशी तयार होत. सृष्टीतील सर्व वस्तूंना परमेश्वर एका सूत्रात गुंफतो आणि खेळातून बालकाला त्या सूत्राचा स्पर्श होतो, अशी त्यांची धारणा होती.

तरीही त्यांच्यावर नास्तिकतेचा आळ आला! पुतण्या कार्ल याच्या लेखनाशी गल्लत करून प्रशियाच्या शासनाने १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेल यांनी खुलासा केला. तो व्यर्थ गेला. २१ जून १८५२ रोजी त्यांनी देह ठेवला. बंदी उठली ती १८६० साली. तोवर त्यांनी शिकवून तयार केलेल्या स्त्रियांनी व त्यांच्या अनुयायांनी हे कार्य परदेशी नेले होते.

भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या बालकांसाठी खेळातून शिक्षणाचाच मार्ग सांगितला आहे. मात्र आपल्या काही बालवर्गांत तीन वर्षांच्या बाळाला पाटीवर अक्षरे गिरवावी लागतात आणि प्रवेशासाठी मुलाखतही द्यावी लागते. प्रभू येशूने बालकांना जवळ घेतले, तेव्हा त्यांची कोणतीही परीक्षा घेतली नव्हती. श्वाइना गावी फ्रोबेल यांच्या कबरीवर घन, दंडगोल आणि गोल एकावर एक रचलेले आहेत. आपल्या मंडळीच्या बालवर्गातही असे ठोकळे मुलांच्या हाती आहेत ना, हे पालकांनी व पंचांनी एकदा जाऊन पाहावे.