जपानची करी आणि रासबिहारी बोस: टोकियोतल्या बेकरीत लपलेल्या क्रांतिकारकाची गोष्ट काय आहे?

जपानी स्नॅक्सचे रील्स आता जळगाव-धुळ्यातल्या मोबाइलवरही सर्रास दिसतात. कधी मोची, कधी रामेन, तर कधी आत करी भरून तळलेला पाव. या करीचा विषय निघाला की एक दावाही फिरतो. तो म्हणजे जपानला करी भारतीय क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी शिकवली. हा दावा अर्धाच खरा आहे. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे आणि तिची सुरुवात स्वयंपाकघरात होत नाही. ती सुरू होते दिल्लीतल्या एका बॉम्बस्फोटापासून. सविस्तर जाणून घेऊया.

जपानमध्ये करी आधीपासून होती का?

होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने पाश्चात्त्यांसाठी दारे उघडली, तेव्हा करी तिथे इंग्रजांमार्फत पोहोचली. इंग्रजांनी भारतातून उचललेली, करी पावडर घातलेली आणि मैद्याने दाट केलेली ती करी होती. म्हणजे पदार्थ आपला, पण जपानला तो मिळाला आपल्यावर राज्य करणाऱ्यांच्या हातून. बोस यांना हीच गोष्ट खटकत होती.

रासबिहारी बोस कोण होते?

जन्म २५ मे १८८६, बंगालमधील बर्दवान जिल्ह्यातल्या सुबलदहा गावचा. शिक्षण फ्रेंचांच्या ताब्यातल्या चंदननगरमध्ये. पुढे ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत कारकून म्हणून काम करू लागले. दिवसा सरकारी नोकरी आणि आतून क्रांतिकारकांचे जाळे विणणे, असे त्यांचे दुहेरी आयुष्य होते.

२३ डिसेंबर १९१२ रोजी दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या मिरवणुकीवर बॉम्ब पडला. हत्तीवर बसलेले हार्डिंग जखमी झाले, त्यांचा एक सेवक ठार झाला. या कटाचे सूत्रधार बोस होते. ते निसटले, पण या खटल्यात त्यांच्या चार साथीदारांना फाशी झाली.

महाराष्ट्राशी काय संबंध?

१९१५ मध्ये लष्करी छावण्यांत एकाच वेळी उठाव घडवण्याची योजना बोस यांनी आखली. अमेरिकेतून परतलेले गदर पक्षाचे कार्यकर्ते त्यात होते. त्यातले एक नाव मराठी होते, ते म्हणजे पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे. अभियांत्रिकी शिकायला अमेरिकेत गेलेला हा तरुण बोस यांचा जवळचा सहकारी बनला.

उठावाची तारीख २१ फेब्रुवारी ठरली होती. फितुरीचा संशय आल्याने ती १९ वर आणली, पण तीही बातमी सरकारला कळली आणि कट फसला. पिंगळे मार्चमध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. कर्तारसिंग सराभा यांनाही त्याच दिवशी फासावर चढवले.

तोपर्यंत बोस देशाबाहेर पडले होते. १२ मे १९१५ रोजी कलकत्त्याहून ते जपानी जहाजात बसले. कागदोपत्री नाव होते पी. एन. टागोर. रवींद्रनाथ टागोर जपानला जाणार अशी चर्चा तेव्हा होती, त्यामुळे त्यांचा नातेवाईक पुढची व्यवस्था लावायला निघाला आहे, ही बतावणी खपून गेली.

बेकरीत लपण्याची वेळ का आली?

जपान आणि ब्रिटन तेव्हा मित्रराष्ट्रे होती. ब्रिटिशांच्या दबावाखाली जपान सरकारने नोव्हेंबरच्या अखेरीस बोस आणि त्यांचे सहकारी हेरंबलाल गुप्ता यांना २ डिसेंबरपर्यंत देश सोडण्याचा आदेश दिला. तेव्हा निघणारे जहाज शांघाय किंवा हाँगकाँगला थांबणार, तिथे ब्रिटिश पोलीस पकडणार आणि पुढे फाशी, हे उघड होते.

ही बातमी टोकियोच्या शिंजुकू भागातले एक दुकानदार सोमा आइझो यांनी वर्तमानपत्रात वाचली. त्यांचे नाकामुराया हे पाव आणि मिठाईचे दुकान होते. बोस यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. तरीही गरज पडली तर आपण त्यांना लपवू, असे ते ओळखीच्या एका पत्रकार ग्राहकाजवळ बोलून गेले. निरोप तोयामा मित्सुरू या वजनदार राष्ट्रवादी नेत्यापर्यंत गेला. १ डिसेंबरला दोघे भारतीय तोयामा यांच्या घरी गेले. पाळतीवरचे पोलीस पुढच्या दारापाशी थांबले आणि हे दोघे मागून बाहेर पडले.

पुढचे काही महिने नाकामुरायाच्या मागचा एक जुना स्टुडिओ हेच बोस यांचे घर होते. सोमा यांच्या पत्नी कोक्को यांना इंग्रजी येत असे. निरोप, बातम्या, जेवण, सगळे त्या सांभाळत. दुकानातल्या नोकरांनीही तोंड उघडले नाही. याच ताणाच्या दिवसांत कोक्को यांचे तान्हे बाळ दगावले.

जावई कसे झाले?

१९१६ मध्ये आदेश मागे घेतला गेला, पण ब्रिटिशांचे हेर मागावर होतेच. बोस सतत घरे बदलत राहिले. भरवशाची सोबत हवी म्हणून तोयामा यांनी सोमा दांपत्याच्या मुलीचे, तोशिकोचे नाव सुचवले. जुलै १९१८ मध्ये दोघांचे लग्न झाले, तेही गुपचूप. एक मुलगा आणि एक मुलगी झाली. १९२३ मध्ये बोस यांना जपानी नागरिकत्व मिळाले आणि लपणे संपले. हे मोकळे आयुष्य तोशिकोला फार लाभले नाही. ४ मार्च १९२५ रोजी तिचे निधन झाले. तिने तिशीही गाठली नव्हती. बोस यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१९२७ च्या करीत वेगळे काय होते?

शिंजुकूत मोठे डिपार्टमेंट स्टोअर आल्याने नाकामुरायाचे ग्राहक घटू लागले होते. दुकानात बसून खाण्याची सोय करायचे ठरले, तेव्हा बोस यांनी अस्सल भारतीय करी ठेवण्याचा आग्रह धरला. १२ जून १९२७ रोजी ती सुरू झाली.

शेवभाजीच्या रश्श्यात कोणी मैदा कालवला तर खानदेशी माणसाला कसे वाटेल? आपल्याकडे रस्सा दाट होतो तो भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाने. बोस यांची तक्रार याच जातीची होती. त्यांच्या करीत मैद्याचा लगदा नव्हता. हाडासकट कोंबडी आणि खरे मसाले होते. भात मात्र जपानी जिभेला रुचेल असा निवडला गेला. बाजारात साधी करी १० ते १२ सेनला मिळत असताना हिची किंमत ८० सेन होती. तरीही ती चालली.

म्हणजे बोस यांनी जपानला करी दिली नाही. इंग्रजांमार्फत पोहोचलेल्या करीच्या शेजारी त्यांनी भारताच्या नावाची करी उभी केली.

पुढे काय झाले?

दुसऱ्या महायुद्धात बोस यांनी इंडियन इंडिपेंडन्स लीगचे नेतृत्व केले. ४ जुलै १९४३ रोजी सिंगापूरमध्ये त्यांनी ते सुभाषचंद्र बोस यांच्याकडे सोपवले. साम्राज्यवादी जपानशी असलेल्या त्यांच्या जवळिकीवर टीकाही झाली. २१ जानेवारी १९४५ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचा मुलगा जपानी सैन्यातून लढताना ओकिनावात मारला गेला. ज्या स्वातंत्र्यासाठी देश सोडला, ते पाहायला बोस उरले नाहीत.

चाखायचे असेल तर काय?

- भारतीय करी: शिंजुकूत नाकामुराया आजही आहे आणि तिथे ही करी मिळते.
- करी पान: करी भरून, ब्रेडचा चुरा लावून तळलेला पाव. हा बोस यांचा शोध नव्हे. १९२७ मध्येच टोकियोतल्या दुसऱ्या एका बेकरीने तो आणल्याचे मानले जाते.
- क्रीम पान: आत कस्टर्ड असलेला गोड पाव. हा मात्र नाकामुरायाचाच, १९०४ चा.
- अनमान: लाल अझुकी कडधान्याचे गोड सारण भरलेला वाफवलेला पाव. आपल्या पुरणाची आठवण येईल. निकुमान नावाच्या प्रकारात डुकराचे मांस असते.
- कारिन्तो: काळ्या साखरेत घोळवलेले, तळलेले कुरकुरीत तुकडे. गुळाच्या शंकरपाळ्यांचे भाऊबंद.

शाकाहारींसाठी एक सूचना. ऑनलाइन मिळणाऱ्या जपानी करीच्या वड्यांत प्राणिजन्य चरबी किंवा मांसाचा अर्क असू शकतो. ऑर्डर करण्याआधी पाकिटावरचे शाकाहारी-मांसाहारी चिन्ह आणि घटकांची यादी जरूर तपासा.