चाल लक्षात राहिली, शब्दांचं काय?

मंडळी, गाणं ऐकताना तुमचं लक्ष आधी कुठे जातं? शब्दांकडे की चालीकडे? आमच्या घरात यावरून सरळ दोन पक्ष आहेत. बायको शब्दवाली. भावगीत लागलं की तिसऱ्या कडव्याचा अर्थ सांगून मोकळी होते. मी पक्का चालवाला. वीस वर्षं आवडीने ऐकलेल्या गाण्यात मी भलताच शब्द ऐकत होतो, हे मला तिच्याकडूनच कळतं.

मध्यंतरी आमची मुलगी शाळेतून 'ओ सुझॅना' शिकून आली. मीही टेबलावर ठेका धरला. बायकोने नेहमीप्रमाणे विचारलं, पण गाण्यात म्हटलंय काय? मला सांगता येईना, म्हणून शोधायला बसलो आणि स्टीफन फॉस्टरची गोष्ट हाती लागली.

स्टीफन कॉलिन्स फॉस्टरचा जन्म ४ जुलै १८२६ चा, पिट्सबर्गजवळच्या लॉरेन्सव्हिलमधला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्याच दिवशी ५० वर्षं पूर्ण होत होती. (आपण बालाजीच्या दर्शनाला जातो तेच हे पिट्सबर्ग.) १८४६ मध्ये तो सिनसिनाटीला भावाच्या जहाज कंपनीत हिशेब लिहायला गेला. नोकरी सांभाळून गाणी! दिवसभर कोड लिहून संध्याकाळी तबला काढणाऱ्या आपल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल.

'ओ सुझॅना' पहिल्यांदा लोकांसमोर आलं ते ११ सप्टेंबर १८४७ ला, पिट्सबर्गच्या एका आइस्क्रीम सलूनमध्ये. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्यांच्या तोंडी ते बसलं. फॉस्टरच्या हाती मात्र फारसं काही लागलं नाही, कारण अनेक प्रकाशकांनी ते परस्पर छापून विकलं. तरी त्याने नोकरी सोडली आणि १८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाशी करार केला. आता छापील प्रतीमागे काही सेंट मिळू लागले. निव्वळ गाणी लिहून जगू पाहणाऱ्या पहिल्या अमेरिकनांपैकी तो एक.

आता शब्दांकडे येऊ. त्या काळात गोरे नट चेहऱ्याला काळं फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे खेळ करत. 'मिन्स्ट्रेल शो' म्हणतात ते हेच. फॉस्टरची सुरुवातीची गाणी या खेळांसाठीच होती. 'ओ सुझॅना'च्या मूळ दुसऱ्या कडव्यात शेकडो कृष्णवर्णीयांच्या मरणावर विनोद आहे आणि त्यांच्यासाठी वापरलेला शब्द आज उच्चारायचीही लाज वाटावी असा आहे. शाळेत हे कडवं कोणी शिकवत नाही. चाल राहिली, कडवं गळून गेलं.

पण फॉस्टर तिथेच थांबला नाही. गंमत म्हणजे तो गाण्याचे शब्द बहुतेक वेळा स्वतःच लिहायचा, त्यामुळे त्याच्यातला बदल शब्दांत दिसतो. १८४९ च्या 'नेली वॉज अ लेडी'मध्ये एक कृष्णवर्णीय नवरा मेलेल्या बायकोसाठी रडतो आणि तिचा उल्लेख मानाने करतो. १८५३ च्या 'माय ओल्ड केंटकी होम'मागे 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीची प्रेरणा होती. घरदार सोडून दूरच्या उसाच्या मळ्यात राबायला जाणाऱ्या गुलामाचं दुःख त्यात आहे. टवाळीची बोली इथे त्याने वापरलेलीच नाही. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनीही १८५५ मध्ये एका भाषणात या गाण्याचं नाव घेऊन म्हटलं, की अशी गाणी गुलामांबद्दल सहानुभूती जागवतात.

१८५१ चं 'ओल्ड फोक्स ॲट होम' तर घराची ओढ लागलेल्या माणसाचं गाणं. त्यातली फ्लोरिडातली नदी फॉस्टरने कधी पाहिलीच नव्हती. नकाशात नाव सापडलं, चालीत बसवायला ते थोडं तोडलं, झालं! त्या गाण्यावर लेखक म्हणून नाव मात्र क्रिस्टी नावाच्या मिन्स्ट्रेलवाल्याचं छापलं गेलं, कारण फॉस्टरने ते नाव लावायचा हक्क त्याला विकला होता. पुढच्याच वर्षी पश्चात्ताप होऊन त्याने पत्र लिहिलं, पण क्रिस्टी काही बधला नाही.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. १८५० मध्ये झालेलं लग्न नीट टिकलं नाही, कर्ज वाढलं, दारू वाढली. १८५७ मध्ये त्याने आपल्या गाण्यांचे पुढचे हक्क सुमारे १९०० डॉलरना विकून टाकले. १८६० मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. १३ जानेवारी १८६४ रोजी बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये वारला तेव्हा वय होतं ३७, आणि जवळ होते ३८ सेंट आणि नव्या गाण्यासाठी टिपलेल्या चार-पाच शब्दांचा एक चिठोरा. शेवटी जवळ राहिले ते शब्दच!

जगाने मात्र चाल उचलली. जपानमध्ये त्याच्या चालींवर जपानी शब्द बसवले गेले. १९२८ पासून केंटकीचं राज्यगीत असलेलं 'माय ओल्ड केंटकी होम' दर वर्षी डर्बीच्या शर्यतीत हजारो लोक म्हणतात, पण बहुधा पहिलंच कडवं. दुःखाचा मुद्दा पुढच्या कडव्यांत आहे, तिथवर गाडी जातच नाही. त्यातला वंशवाचक शब्द १९८६ मध्ये बदलला. फ्लोरिडाने आपल्या राज्यगीताचे शब्द २००८ मध्ये बदलले. पिट्सबर्गमधला त्याचा पुतळा, ज्यात त्याच्या पायाशी अनवाणी कृष्णवर्णीय बँजोवाला बसला होता, २०१८ मध्ये हलवला गेला.

हे सगळं वाचून माझ्यासारख्या चालवाल्याची पंचाईत झाली. शब्द न ऐकणं ही एक चैन आहे. ज्याच्यावर ते शब्द लिहिलेले असतात त्याला ती परवडत नाही, त्याला ते पहिल्याच ओळीत टोचतात. आणि शब्द न ऐकणाऱ्याला फॉस्टरची टवाळीही कळत नाही आणि त्याचं बदलत जाणंही कळत नाही. दोन्हीकडून नुकसान.

यंदा मुलगी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मराठी गाणं म्हणणार आहे. रोमन लिपीत लिहून पाठ केलंय, सूर छान लागतो. परवा तालमीत तिने मध्येच विचारलं, बाबा, या ओळीचा अर्थ काय? मी खूप वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी पुण्याला आईला फोन लावला. आईने अर्थ सांगितला, मग शेजारचं कडवंही समजावलं. बायको गालातल्या गालात हसत होती.

असो. तुमच्या घरच्या कलाकारांनाही कार्यक्रमाआधी एकदा अर्थ विचारून बघा. आधी स्वतःला येतो का, तेही तपासून ठेवा!