महर्षी अण्णासाहेब कर्वे आणि पात्रतेचा प्रश्न

२०२५ च्या जानेवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या नियमांचा एक मसुदा प्रसिद्ध केला. २०१८ च्या नियमांप्रमाणे कुलगुरू होण्यासाठी प्राध्यापक म्हणून किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेत किमान दहा वर्षांचा अनुभव लागत होता. मसुद्यात मात्र उद्योग, प्रशासन अशा क्षेत्रांतल्या अनुभवी माणसांनाही कुलगुरुपदाचे दार उघडावे असे सुचवले होते. वर्तमानपत्रांत वाद सुरू झाला आणि आमच्या वादविवाद मंडळालाही विषय मिळाला. कुलगुरूला प्राध्यापकीचा अनुभव हवाच का?

मी द्वितीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. मी त्या दिवशी तावातावाने बोलले. कागद पाहून माणूस कळत नाही, पात्रतेच्या अटी म्हणजे वर बसलेल्यांनी खालच्यांना अडवण्यासाठी घातलेले कुंपण, असे मी ठणकावून सांगितले. टाळ्या पडल्या. विरुद्ध बाजूच्या मुलाने शांतपणे दाखले दिले. गुजरातमधील सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक नियमात बसत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली होती. आपल्या मुंबई विद्यापीठाच्या एका कुलगुरूंच्या पात्रतेचा वादही २०१५ साली वरच्या न्यायालयांत गाजला होता. अटच नसेल, तर खुर्ची वशिल्याची होईल, असे तो म्हणाला. त्याला टाळ्या कमी पडल्या, पण त्याचे म्हणणे माझ्या मनात रुतून बसले.

मी एवढी का चिडले होते ते आधी सांगायला हवे. देवळाली कॅम्पची हवा चांगली म्हणून इथे पूर्वीपासून सॅनिटोरियमे आहेत. अशाच एका ठिकाणच्या स्वयंपाकघरात माझे बाबा बावीस वर्षे काम करतात. कोणत्या महिन्यात किती तांदूळ लागतो, कोणता गहू टिकतो, हे त्यांना तोंडपाठ. पण स्टोअरकीपरची जागा रिकामी झाली तेव्हा ती दहावी झालेल्या एका नव्या मुलाला मिळाली. बाबांची शाळा दुसरीतच सुटली होती. पुढे महिनाभर बाबांनीच त्या मुलाला कोठीचे सारे काम शिकवले. ते कुणावर रागावले नाहीत. रागावले ती मी.

वादविवाद संपल्यावर आमच्या सरांनी मला ग्रंथालयात जाऊन धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ वाचायला सांगितले. विधवाविवाह करणारे, महिला विद्यापीठ काढणारे, भारतरत्न, एवढेच मला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होते. त्यांचा आणि माझ्या भाषणाचा काय संबंध, हे कळेना. पण वाचू लागले आणि पहिल्याच प्रसंगाला थबकले.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी झाला. बालपण मुरूडला गेले. घरची स्थिती बेताची. त्या काळी सहावीची सरकारी परीक्षा दिली की शिक्षकाची नोकरी मिळे. परीक्षेचे केंद्र दूर साताऱ्याला. हा मुलगा सोबत्यांबरोबर घाट चढून शंभर मैलांहून अधिक अंतर पायी चालत साताऱ्याला गेला. परीक्षेला बसायला सतरा वर्षे पुरी हवीत, अशी अट होती. ती पुरी झाली होती. पण अंगाने किरकोळ, उंचीने कमी. परीक्षा मंडळाच्या प्रमुखांना तो सतरा वर्षांचा वाटेना. त्यांनी त्याला परीक्षेला बसूच दिले नाही! आले त्या वाटेने परत जाणे आले.

मित्रहो, इथे पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले. माझे भाषण मला आठवले. हा मुलगा माझ्याच बाजूचा, असे वाटले. पण पुढची पाने वाचताना माझी बाजू हळूहळू ढासळू लागली. कारण अण्णांनी परीक्षांवर राग धरला नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. मग इंग्रजी शिकायला लागले. मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. आपल्यापैकी कुणाचे एखादे वर्ष वाया गेले की घरचे हवालदिल होतात. त्यांनी अण्णांचे हे हिशेब जरूर पाहावेत.

मुंबईत मुलींच्या शाळांतून शिकवण्या करीत असता १८९१ साली त्यांना फर्ग्युसन कॉलेजचे बोलावणे आले. लोकमान्य टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. गणिताला शिक्षक हवा होता. एल्फिन्स्टनमधले सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांनी अण्णांचे नाव सुचवले. अण्णा एम. ए. नव्हते. टिळकांनी शिकवलेला विषय आपल्याला पेलेल का, अशी शंका दुसऱ्या कुणी घेण्याआधी त्यांनी स्वतःच घेतली. तरी ते गेले आणि १९१४ पर्यंत तिथे गणित शिकवत राहिले.

या काळातला एक प्रसंग मला फार शिकवून गेला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे अण्णांचे नातलग. मुलगा बुद्धिमान म्हणून अण्णांनी त्यांच्या शिक्षणाला हातभार लावला. अण्णांच्याच घरी राहून ते शिकले, अण्णांच्याच हाताखाली गणित शिकले. पुढे केंब्रिजला जाऊन १८९९ साली ते सीनियर रँग्लर झाले. परत आल्यावर १९०२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. म्हणजे घरात वाढलेला मुलगा वरिष्ठ आणि त्याला वाढवणारा माणूस त्याच्या हाताखाली! पुढची बारा वर्षे अण्णांनी त्याच कॉलेजात मुकाट्याने आपले तास घेतले. आपल्यापेक्षा अधिक शिकलेल्याने वरच्या खुर्चीवर बसावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

दरम्यान त्यांचे दुसरे काम सुरू झाले होते. पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत असलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडच्या लोकांनी बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. तेव्हा हिंगणे म्हणजे माळरान. तिथून कॉलेजात शिकवायला अण्णा पायी येत आणि पायीच परत जात.

आश्रमाची व्यवस्था पाहणारी एक बाई मला विशेष आवडली. पार्वतीबाई आठवले या गोदूबाईंच्या धाकट्या बहीण. अण्णांच्या घरी आल्यावर, पंचविशी ओलांडल्यानंतर, त्या शिकायला लागल्या. आज जाहिरात निघाली तर पहिल्याच छाननीत त्यांचा अर्ज बाजूला पडेल. पण आश्रम त्यांनी चालवला, गावोगाव फिरून पैसे जमवले, आणि इंग्रजी जेमतेम येत असताना १९१८ मध्ये अमेरिकेला जाऊन, तिथे लोकांच्या घरी कामे करून, आश्रमासाठी मदत आणली. माझ्या भाषणाला याहून चांगला दाखला कोणता? पण नीट पाहिले तर पार्वतीबाई अडाणी राहून व्यवस्थापक झाल्या नाहीत. आधी त्यांना कुणीतरी शिकवले, मग जबाबदारी दिली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

१९१५ मध्ये जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारे एक पुस्तक अण्णांच्या हाती पडले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. तिथे त्यांनी भारतीय महिलांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते विद्यापीठ सुरूही झाले! विद्यार्थिनी किती? अवघ्या पाच. शिक्षण मातृभाषेतून. पदव्यांची नावेसुद्धा आपली : गृहीतागमा आणि प्रदेयागमा. बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे हलकी पदवी, असा आक्षेप काहींनी घेतला. त्यात थोडे तथ्य होते असे मलाही वाटते. पण त्या काळी पूर्ण दार बंद होते, आणि अण्णांनी निदान अर्धे उघडले.

आता आमच्या वादाचा मुख्य मुद्दा. विद्यापीठ अण्णांनी उभे केले, वर्गणीसाठी वणवण त्यांनी केली. मग कुलपती आणि कुलगुरू कोण झाले? अण्णा नव्हेत! कुलपती झाले मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू, थोर पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, आणि कुलगुरू झाले रँग्लर परांजपे. पुढे १९३१ नंतर काही वर्षे याच विद्यापीठाचे रजिस्ट्रारपद अण्णांच्या सूनबाई इरावतीबाईंनी सांभाळले. त्या बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आलेल्या होत्या. माझ्या भाषणाप्रमाणे पात्रतेच्या अटी हे कुंपण असते, तर ज्याला त्या कुंपणाने सर्वांत आधी अडवले, त्याने ते स्वतःच्या विद्यापीठात राखलेच नसते.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. १९३६ मध्ये कारभार मुंबईला गेला. पण कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे या विद्यापीठातून बाहेर पडणारी प्रत्येक मुलगी सरकारदरबारी आपल्या पदवीला पदवी म्हणा, असे विनवत राहिली. अण्णा स्वतः साताऱ्याच्या दारातून परत आले होते. या मुलींसाठी त्यांनी शिकण्याचा रस्ता तयार केला आणि मान्यता येईपर्यंत तो बंद पडू दिला नाही.

फक्त गुण गाऊन थांबले तर चरित्र अपुरे राहील. घर सांभाळून अण्णांच्या कामाची किंमत कुणी मोजली, ते गोदूबाईंच्या, म्हणजे आनंदीबाईंच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात दिसते. शिवाय हिंगण्याच्या आश्रमाचे दार सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठीच उघडे होते. माझ्या आजीसारखी शेतमजूर बाई तिथे गेली असती, तर तिलाही परत पाठवले असते. हे वाचून वाईट वाटले. पण अण्णा तिथेच थांबले नाहीत. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. १९४४ साली जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. इतक्या उशिरा स्वतःचे अपुरेपण दुरुस्त करू पाहणारी माणसे किती असतात?

शेवटी पदव्या आपण होऊन चालत आल्या. १९४२ साली बनारस हिंदू विद्यापीठाने चौऱ्याऐंशी वर्षांच्या अण्णांना डॉक्टरेट दिली. मग १९५१ मध्ये पुणे, १९५४ मध्ये त्यांचे स्वतःचे महिला विद्यापीठ आणि १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठ. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

पुस्तक संपले आणि मी बाबांच्या गोष्टीकडे पुन्हा पाहिले. स्टोअरकीपरला रोजची आवक-जावक नोंदवहीत लिहावी लागते. बाबांना ती लिहिता येत नाही. म्हणजे अट अगदीच खोटी नव्हती, हे मान्य करताना मला जड गेले. मग चूक कुठे होती? बावीस वर्षांत रोज तासभर अक्षरे शिकवावीत, असे तिथे कुणालाही सुचले नाही, ही चूक. आणि ते मलाही सुचले नाही. मी शाळेत बक्षिसे मिळवत होते आणि बाबा घरी आल्यावर माझी वही कौतुकाने उलटी धरून पाहत होते!

आता मला वाटते, कुलगुरू असो की स्टोअरकीपर, पात्रता मागायलाच हवी. पण दोन गोष्टी पाहायला हव्यात. ती कामाची पात्रता असावी. चेहरा, जात किंवा वय किती दिसते याची नसावी. आणि जो पात्रता मागतो, त्याने ती मिळवण्याचा रस्ताही दाखवावा. अण्णांनी स्वतःसाठी अट सैल करून मागितली नाही, पण दुसऱ्यांसाठी रस्ता बांधता बांधता सारे आयुष्य खर्ची घातले. पुन्हा वादविवाद झाला तर मी कोणत्या बाजूने बोलेन, मला ठाऊक नाही. एवढे खरे की टाळ्यांसाठी बोलणार नाही.

हल्ली रात्री जेवणे झाली की बाबा आणि मी दुरेघी वही घेऊन बसतो. दूर डोंगराकडे तोफखान्याचा सराव चालू असला की खिडकीची तावदाने थरथरतात आणि बाबांची रेघ वाकडी जाते. ते हसतात, खोडतात, पुन्हा लिहितात. तांदूळ, गहू, तूरडाळ एवढे लिहून झाले आहे. साखरेतला ख अजून नीट येत नाही.